सरकारी समित्यांतील तज्ज्ञ आणि त्यांचा मोबदला

एखाद्या नदीच्या खोऱ्यात खाण उघडावयाची आहे, अशी कल्पना करा. खाणीमुळे लोकांना काम मिळेल आणि सरकारच्या तिजोरीत स्वामित्वधन जमा होईल. त्याचबरोबर डोंगरउतारावरील झाडी जाईल, झरे आटतील आणि शेताला मिळणारे पाणी गढूळ होईल, अशी गावकऱ्यांना भीती आहे. अशा वेळी खाणीस परवानगी द्यावी की न द्यावी, हा प्रश्न केवळ मंत्र्याच्या किंवा सचिवाच्या सामान्य ज्ञानावर सुटत नाही. जमिनीखालचे पाणी कोणत्या थरातून वाहते हे भूजलशास्त्रज्ञ सांगू शकतो. त्या झाडीत कोणत्या दुर्मिळ वनस्पती आहेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ जाणतो. धुळीचा माणसाच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे वैद्य सांगतो. म्हणून सरकार अशा जाणकारांची एक समिती नेमते, त्यांच्यापुढे कागदपत्रे ठेवते आणि त्यांचे मत मागविते.

या समितीतील पुष्कळसे सभासद सरकारचे नोकर नसतात. कोणी विद्यापीठात शिकवितो, कोणी रुग्णालय चालवितो, कोणी सेवानिवृत्त झालेला असतो, तर कोणी एखाद्या लहान संस्थेत तुटपुंज्या वेतनावर संशोधन करीत असतो. या माणसांनी समितीच्या कामासाठी जो वेळ व जे श्रम खर्च केले, त्यांचा मोबदला त्यांना मिळावा काय? मिळावा तर किती, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर? वरवर पाहता ही हिशेबनिसाने सोडवावयाची बाब वाटते. परंतु निर्णय कितपत चांगला आणि कितपत निःपक्षपाती होईल, हे बऱ्याच अंशी या बाबीवर अवलंबून असते. ते कसे, याचा विचार पुढील पानांत केला आहे.

समितीचे काम किती असते?

आपल्या देशातील एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १४ सप्टेंबर २००६ रोजी भारत सरकारने पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासंबंधी एक अधिसूचना प्रसिद्ध केली. तीनुसार खाणी, धरणे, औष्णिक वीजकेंद्रे, बंदरे, मोठे कारखाने अशा प्रकल्पांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मोठ्या प्रकल्पांची छाननी केंद्रीय पातळीवरील तज्ज्ञ मूल्यमापन समित्या करतात. बाकीच्यांपैकी बहुतेकांची राज्य पातळीवरील समित्या करतात. या समित्यांनी महिन्यातून निदान एकदा तरी भरावे, अशी अपेक्षा आहे. सभासद होण्यासाठी त्या विषयाचा दीर्घ अनुभव असावा लागतो. अंतिम परवानगी सरकार किंवा त्याने नेमलेले प्राधिकरण देते. पण समितीच्या शिफारशीला त्यात मोठे वजन असते.

समितीपुढे येणारा अहवाल बहुधा शेकडो पानांचा असतो. त्यात नकाशे असतात, पाण्याच्या व हवेच्या तपासणीचे तक्ते असतात, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या याद्या असतात आणि जनसुनावणीचे इतिवृत्त असते. दिलेल्या यादीत एखादी वनस्पती नाही, ती तेथे खरोखरीच नाही म्हणून, की पाहणी उन्हाळ्यात झाली म्हणून, हे ओळखण्यासाठी अहवाल ओळीओळीने वाचावा लागतो. असे अनेक अहवाल एकाच बैठकीत विचारासाठी ठेवलेले असतात.

आता एक साधा हिशेब करू. समजा, एका समितीत १२ सभासद आहेत. बैठक दरमहा दोन दिवस चालते, आणि बैठकीपूर्वी प्रत्येक सभासदाला कागदपत्रे वाचण्यासाठी चार दिवस लागतात. म्हणजे प्रत्येक सभासद महिन्याला सहा दिवस आणि वर्षाला ७२ दिवस या कामाला देतो. बैठकीस हजर राहिल्याबद्दल जो बैठकभत्ता मिळतो, तो केवळ बैठकीच्या दिवसांचा असेल, तर ७२ पैकी २४ दिवसच हिशेबात येतात. उरलेले ४८ दिवस कोणाच्याच वहीत नोंदले जात नाहीत. बारा सभासदांचे मिळून असे ५७६ दिवस होतात. हे आकडे कल्पित आहेत. परंतु समितीचे खरे काम बैठकीच्या खोलीबाहेर होते आणि भत्ता मात्र खोलीतील खुर्चीचा मिळतो, ही स्थिती कल्पित नाही.

याचा परिणाम सहज ध्यानात येण्यासारखा आहे. ज्या कामाचा मोबदला नाही, ते काम रात्री उशिरा, प्रवासात किंवा घाईघाईने होते. कधी कधी होतच नाही. मग सभासद बैठकीत येऊन पडद्यावर दाखविली जाणारी चित्रे पाहतो आणि अर्जदाराच्या प्रतिनिधीने सांगितलेल्या माहितीवरच आपले मत बनवितो. तो सज्जन असतो, विद्वानही असतो. परंतु अहवाल वाचण्यास त्याला सवड मिळालेली नसते.

वेतन, भत्ता आणि मानधन

पुढे जाण्यापूर्वी तीन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. वेतन म्हणजे नियमित नोकरीबद्दल मिळणारा पैसा. भत्ता म्हणजे कामासाठी झालेल्या खर्चाची भरपाई. आगगाडीचे भाडे, मुक्कामाचा खर्च, जेवणखाण इत्यादी. भत्ता मिळाल्याने मनुष्य श्रीमंत होत नाही. त्याला फक्त पदरमोड करावी लागत नाही. मानधन हा तिसरा प्रकार आहे. या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते. ज्याच्या ज्ञानाची किंमत बाजारभावाने ठरविणे योग्य नाही, त्याच्या श्रमांची आदरपूर्वक दखल घेण्यासाठी दिलेली रक्कम, असा त्याचा अर्थ. व्यवहारात मात्र पुष्कळदा मानावरच भागविले जाते आणि धनाचे नाव राहत नाही.

हा भेद आपल्या कायद्यानेही मानला आहे. राज्यघटनेच्या १०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारच्या हाताखाली लाभाचे पद धारण करणाऱ्यास संसदेचे सभासद राहता येत नाही. मात्र कोणत्या पदांमुळे अपात्रता येऊ नये, हे संसद कायद्याने ठरवू शकते. त्यासाठी १९५९ साली एक कायदा झाला. सरकारला सल्ला देण्यासाठी तात्पुरती नेमलेली समिती असेल आणि तिच्या सभासदाला भरपाईच्या स्वरूपाच्या भत्त्याखेरीज दुसरा कोणताही मोबदला मिळत नसेल, तर त्या पदामुळे अपात्रता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. काम करताना झालेला खर्च भरून काढण्यापुरते दैनिक भत्ता, प्रवासभत्ता इत्यादी पैसे, अशी या भरपाईची व्याख्या आहे. म्हणजे झालेला खर्च परत मिळणे हा लाभ नव्हे, हे तत्त्व कायद्याने स्वीकारलेले आहे. खासदारांपुरती ही मर्यादा योग्यच आहे, कारण सरकारवर देखरेख करणाऱ्यांनी सरकारकडून लाभ घेऊ नये. परंतु जो तज्ज्ञ खासदार नाही आणि ज्याला दुसरे निश्चित उत्पन्नही नाही, त्यालाही तेवढ्यावरच राबवावे काय, हा निराळा प्रश्न आहे.

विनामूल्य सेवेची परंपरा

विद्वानांनी राष्ट्राची सेवा मोबदल्यावाचून करावी, ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागे थोर भावना आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता, ३ मार्च १८६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने राष्ट्रीय विज्ञान अकादमीची स्थापना झाली. सरकारच्या कोणत्याही खात्याने विचारल्यास अकादमीने विज्ञानाच्या कोणत्याही विषयाची चौकशी करावी, प्रयोग करावेत व अहवाल द्यावा, असे तिच्या सनदेत आहे. या कामाचा प्रत्यक्ष खर्च सरकार देईल. मात्र सेवेबद्दल अकादमीला कोणताही मोबदला मिळणार नाही, असेही त्याच सनदेत स्पष्ट लिहिले आहे. लोखंडी जहाजांवर होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखविते, ती कशी सुधारावी, हा अकादमीकडे आलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक होता. तिच्या अभ्यास समित्यांवरील तज्ज्ञ आजही बिनमोबदला काम करतात. त्यांना प्रवासखर्च तेवढा मिळतो.

दुसरे मोठे उदाहरण १९८८ साली स्थापन झालेल्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाचे आहे. त्याच्या सहाव्या अहवालाचा पहिला भाग २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो ६६ देशांतील २३४ शास्त्रज्ञांनी लिहिला आणि त्यात १४ हजारांहून अधिक संदर्भांचा आधार घेतला. या लेखकांपैकी कोणालाही मंडळाकडून वेतन मिळाले नाही. विकसनशील देशांतून येणाऱ्या तज्ज्ञांच्या प्रवासासाठी मात्र मंडळाचा निधी आहे.

या परंपरेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. बिनमोबदला काम करणारा मनुष्य पैशासाठी आला नाही, एवढे निश्चित असते, आणि त्याच्या मतावर लोकांचा विश्वास बसतो. परंतु एक गोष्ट येथे नजरेआड होऊ नये. अशा तज्ज्ञांपैकी बहुसंख्य विद्यापीठांत किंवा संशोधनसंस्थांत पगारी नोकरीवर असतात. ते अहवाल लिहीत असताना त्यांचे घर त्यांच्या संस्थेच्या वेतनावर चालते. म्हणजे त्यांची सेवा फुकट नसते. तिचे बिल दुसऱ्या कोणी तरी भरलेले असते. ज्याच्या मागे अशी संस्था नाही, त्याला मात्र घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजाव्या लागतात.

फुकट काम कोणाला परवडते?

या प्रश्नाचा अनुभव मानवजातीने पूर्वीच घेतला आहे, आणि तो तज्ज्ञांच्या समित्यांत येण्याच्या कितीतरी आधी न्यायालयांत व विधिमंडळांत आला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरीत नागरिकच न्यायनिवाडा करीत असत. न्यायासनावर दिवसभर बसावयाचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडे. साहजिकच गरीब नागरिक येऊ शकत नसे. पेरिक्लीझच्या काळात अशा नागरिकांना दिवसाला दोन ओबोल देण्यास प्रारंभ झाला. पुढे क्लिऑनने ते तीन केले. सहा ओबोलांचे एक द्राख्मा होई आणि त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची रोजची मजुरी सुमारे एक द्राख्मा होती. म्हणजे न्यायासनावरील नागरिकाला कारागिराच्या निम्मीच रक्कम मिळे. तरीही तीमुळे गरिबाला येणे शक्य झाले. अशा पैशाने लोक आळशी व लोभी बनले, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. प्लेटोच्या एका संवादात तो नमूद आहे. आजही मोबदल्याच्या विरोधात जवळजवळ हेच बोलले जाते.

इंग्लंडमध्ये हा वाद अधिक काळ चालला. १८३८ साली तेथील कामगारवर्गाने जी सहा मागण्यांची सनद काढली, तीत संसदेच्या सभासदांना वेतन मिळावे, ही एक मागणी होती. कारण उघड होते. वेतन नसेल, तर ज्यांच्या जमिनी, पेढ्या किंवा गिरण्या आहेत, तेच लोक संसदेत बसणार. दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनमधील फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले, तेव्हाही ब्रिटिश खासदारांना वेतन नव्हते. ते १९११ साली सुरू झाले. वर्षाला ४०० पौंड. त्यानंतर कामगार घरातील मनुष्याला दुसऱ्याच्या आधारावाचून संसदेत बसणे शक्य झाले.

हाच न्याय तज्ज्ञांच्या समितीला लावून पाहा. मोबदला नसला किंवा नाममात्र असला, तर समितीवर कोण येऊ शकेल? मोठ्या संस्थेतील प्राध्यापक येईल, कारण त्याची अनुपस्थिती कर्तव्यावरील समजली जाते आणि पगार चालू राहतो. सेवानिवृत्त अधिकारी येईल, कारण त्याला निवृत्तिवेतन आहे. उद्योगाचा सल्लागार येईल, कारण त्याची कंपनी त्याला पाठवील. परंतु तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारी डॉक्टर दोन दिवस राजधानीला गेली, तर दवाखाना बंद राहतो. कंत्राटावर शिकविणाऱ्या तरुण संशोधकाला तासिकेप्रमाणे पैसे मिळतात. तास बुडाला की पैसे बुडाले. लहान मूल किंवा आजारी आईवडील ज्यांच्यावर अवलंबून आहेत, अशा स्त्रियांच्या वाटेत आणखी एक अडचण असते. त्यांच्या जागी घरी दुसरे माणूस ठेवावे लागते आणि त्याला पैसे द्यावे लागतात.

यापलीकडे आणखी एक प्रकारचा जाणकार असतो, ज्याच्याजवळ पदवी नसते, पण ज्ञान असते. खाडीत चाळीस वर्षे जाळे टाकणाऱ्या कोळ्याला माशांच्या येण्याजाण्याची जी माहिती असते, ती पुस्तकात सापडत नाही. जैवविविधतेसंबंधीच्या २००२ सालच्या कायद्याने गावोगावी समित्या स्थापण्याची तरतूद केली आहे, त्यामागे अशा लोकज्ञानाची कदर आहे. परंतु त्या कोळ्याचा बुडालेला दिवस जर कोणी भरून देणार नसेल, तर तो समितीच्या कागदावर राहील आणि बैठकीच्या दिवशी समुद्रावर असेल.

दुसरा कोणी पैसे देतो तेव्हा

सरकारने तज्ज्ञाच्या श्रमांची तरतूद केली नाही, तर ती पोकळी रिकामी राहत नाही. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल कोण लिहितो, हे पाहिल्यास हे समजेल. आपल्या देशात हा अहवाल प्रकल्प उभारू इच्छिणाराच आपल्या खर्चाने सल्लागाराकडून तयार करवून घेतो. त्या सल्लागाराला त्याच्या कामाची पूर्ण फी मिळते. तो अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञाला मात्र त्या मानाने थोडीच रक्कम मिळते. एका पारड्यात भरपूर मोबदला घेऊन केलेले काम आणि दुसऱ्या पारड्यात सवडीने केलेले वाचन, अशी ही तुलना आहे. सल्लागार लबाड असतो, असे यातून म्हणावयाचे नाही. तपासणाऱ्याला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर प्रामाणिक चूकही पकडली जात नाही.

औषधांच्या बाबतीत यापेक्षा गंभीर गोष्ट उघडकीस आली. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या कारभारावर आपला ५९ वा अहवाल सादर केला. काही औषधांच्या मंजुरीसाठी निरनिराळ्या ठिकाणच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी पाठविलेली मते जवळजवळ शब्दशः सारखी असल्याचे समितीला आढळले. ही पत्रे औषध कंपन्यांनीच लिहिली असावीत आणि तज्ज्ञांनी त्यांवर केवळ सह्या केल्या असाव्यात, असा निष्कर्ष तिने काढला. या प्रकारामागे केवळ मोबदल्याचा प्रश्न होता, असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु तज्ज्ञाने मत लिहावे, यासाठी वेळ, साधने व उत्तरदायित्व यांची नीट व्यवस्था जेथे नसते, तेथे ते मत तयार करून देणारा कोणी तरी पुढे येतो, एवढे यावरून दिसते. अशा औषधाची गोळी घेणाऱ्या रोग्याला यातील काहीच ठाऊक नसते.

तज्ज्ञाचे उत्पन्न कोठून येते यावरून समितीचे स्वरूप कसे पालटते, हे अमेरिकेतील एका घटनेवरूनही दिसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने असा आदेश काढला की, ज्या शास्त्रज्ञांना या संस्थेकडून संशोधन अनुदान मिळते, त्यांनी तिच्या सल्लागार समित्यांवर बसू नये. सरकारी पैशामुळे मत बिघडेल, असे कारण सांगण्यात आले. परंतु ज्यांचे वेतन उद्योगांकडून येते, त्यांना अशी बंदी नव्हती. परिणामी विद्यापीठांतील अनेक शास्त्रज्ञांना समितीचे सभासदत्व आणि संशोधनाचे अनुदान यांपैकी एकाची निवड करावी लागली. २०२० साली न्यायालयांनी या आदेशाविरुद्ध निर्णय दिले आणि तो मागे पडला. प्रत्येक तज्ज्ञाला कोणाकडून तरी पैसा मिळतच असतो. म्हणून तो मिळू नये असा आग्रह धरण्यापेक्षा तो कोठून मिळतो हे उघड असणे अधिक उपयोगाचे आहे, असा बोध यातून घेता येईल.

पैशाने सेवाभाव बिघडतो काय?

मोबदल्याविरुद्धचा सर्वांत विचारार्ह आक्षेप असा की, पैसे देऊ लागल्याबरोबर सेवेची भावना नाहीशी होते. हा आक्षेप निराधार नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील पैसे घेऊन होणारी रक्ताची विक्री यांची तुलना केली. पैशामुळे दानाची वृत्ती कमी होते आणि मिळणाऱ्या रक्ताचा दर्जाही घसरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यावर पुढे प्रयोगही झाले. इस्रायलमधील हैफा विद्यापीठात उरी नीझी व आल्डो रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे चार गट करून प्रत्येकाला ५० प्रश्नांची बुद्धिमापन चाचणी दिली. हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाला बरोबर उत्तरांसाठी वेगळे पैसे दिले नाहीत; त्याची सरासरी सुमारे २८ बरोबर उत्तरे आली. दुसऱ्या गटाला प्रत्येक बरोबर उत्तराला अगदी क्षुल्लक रक्कम देऊ केली. त्याची सरासरी सुमारे २३ वर उतरली. उरलेल्या दोन गटांना बऱ्यापैकी रक्कम देऊ केली. त्यांची सरासरी सुमारे ३४ झाली. म्हणजे काही न देण्यापेक्षा नाममात्र देणे अधिक वाईट ठरले आणि पुरेसे देणे सर्वांत चांगले ठरले.

विद्यार्थ्यांची चाचणी आणि समितीचे काम यांत अंतर आहे, हे विसरता कामा नये. तरीही या प्रयोगाने एक सामान्य अनुभव आकड्यांत मांडला आहे. ज्याला आदराने बोलावून काही न देता निरोप दिला, तो आपण देशाचे काम केले, या समाधानात राहतो. ज्याच्या हातावर चहापाण्यापुरती रक्कम ठेवली, त्याला आपल्या विद्येचा भाव काय ठरला, हे त्या रकमेवरून कळते. नाममात्र मानधन हा मधला मार्ग वाटतो. परंतु तो दोन्ही बाजूंनी तोट्याचा ठरू शकतो.

मोबदला निकालाशी बांधलेला नसावा

मोबदला किती, यापेक्षाही तो कशावर अवलंबून आहे, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका गावचा महापौरच दारूबंदीच्या खटल्यांचा न्यायाधीश असे. आरोपी दोषी ठरला, तर खर्चापोटी त्याच्याकडून वसूल झालेले १२ डॉलर महापौराला मिळत. निर्दोष सुटला, तर काहीच मिळत नसे. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. तो महापौर प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. निकालावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्याच्या हाती न्याय सुरक्षित नाही, असे न्यायालयाने मानले.

तज्ज्ञांच्या समितीलाही हेच लागू पडते. मंजूर केलेल्या प्रत्येक प्रकरणामागे मोबदला मिळत असेल, तर मंजुऱ्या वाढतील. निकाली काढलेल्या प्रकरणांच्या संख्येवर मिळत असेल, तर घाई वाढेल. पुढील वर्षीची नेमणूक अधिकाऱ्याच्या मर्जीवर असेल आणि मोबदला मोठा असेल, तर ती मर्जी सांभाळण्याचा मोह वाढेल. म्हणून मोबदला वाजवी हवा, पण इतका मोठा नको की, तो गमावण्याच्या भीतीने सभासदाने आपले प्रतिकूल मत गिळावे.

न्याय्य मोबदल्याची लक्षणे

या बाबतीत अमेरिकेतील दोन कायदे अभ्यासण्याजोगे आहेत. १९६२ च्या कायद्याने विशेष सरकारी सेवक असा एक वर्ग निर्माण केला. वर्षातील ३६५ दिवसांत १३० पेक्षा अधिक दिवस ज्याची सेवा अपेक्षित नाही, असा मनुष्य मोबदला घेऊन किंवा न घेता सरकारचे काम करू शकतो. त्या कामापुरते हितसंबंधांचे नियम त्यालाही बंधनकारक असतात. मात्र त्यासाठी त्याला मूळची नोकरी सोडावी लागत नाही. १९७२ च्या कायद्याने सल्लागार समित्यांचे काम उघड्यावर आणले. समितीत निरनिराळ्या मतांचा समतोल असावा, बैठका सामान्यतः जनतेला खुल्या असाव्यात आणि सारख्या कामासाठी सर्व समित्यांत सारखा व न्याय्य दर असावा, असे त्यात सांगितले. मुलकी सेवेतील सर्वांत वरच्या वेतनश्रेणीहून तो दर अधिक नसावा, अशी मर्यादाही घातली. पुढील एका सुधारणेने अंध, बधिर व इतर अपंग सभासदांना मदतनीस देण्याची सोय केली. त्या देशातही सर्व समित्यांवर मोबदला मिळतो असे नाही. परंतु दराचा विचार कायद्यात झालेला आहे.

वरील सर्व विवेचनातून न्याय्य मोबदल्याची काही लक्षणे काढता येतात.

पहिले, प्रवास व मुक्काम यांचा खर्च सभासदाला आधी स्वतःच्या खिशातून करावा लागू नये. लागलाच, तर तो विनाविलंब परत मिळावा. महिनोन्‌महिने रखडलेले प्रवासभत्त्याचे बिल ही गरीब सभासदावर बसलेली एक प्रकारची पट्टीच होय.

दुसरे, मोबदला बैठकीच्या दिवसांचाच नसावा. वाचन, स्थळपाहणी व अहवाललेखन यांचे दिवसही अंदाजाने धरले जावेत.

तिसरे, सारख्या कामाला सारखा दर असावा. राजधानीतील नामांकित प्राध्यापक आणि जिल्ह्याच्या गावचा अभ्यासक एकाच अहवालावर सारखेच श्रम घेत असतील, तर त्यांच्या श्रमांत भेद करू नये. ज्याला आपल्या संस्थेकडून त्या दिवसांचे पूर्ण वेतन मिळतेच, त्याला तेच पैसे दुसऱ्यांदा देण्याचे कारण नाही. मात्र ज्याचे उत्पन्न बुडते, त्याची भरपाई झाली पाहिजे.

चौथे, दर आधी ठरलेला व प्रसिद्ध झालेला असावा आणि त्याचा निकालाशी कोणताही संबंध नसावा.

पाचवे, पैसा सार्वजनिक निधीतून यावा. अर्जदारांकडून छाननीची फी घेण्यास हरकत नाही. परंतु ती सरकारी निधीत जमा व्हावी, आणि कोणत्या अर्जदाराचे पैसे कोणत्या तज्ज्ञाला पोचले, असा धागा जोडता येऊ नये.

सहावे, प्रत्येक सभासदाने आपल्या इतर उत्पन्नाचे व हितसंबंधांचे निवेदन करावे आणि ते जनतेला पाहता यावे. मोबदला घेण्याची ज्याची इच्छा नसेल, त्याने तो नाकारावा. ही मोकळीक असावी, पण तिची सक्ती नसावी.

खर्चाचा प्रश्न

सरकारी तिजोरीवर आधीच भार आहे, त्यात हा नवा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु एखादे धरण, खाण किंवा लस यांसंबंधीचा निर्णय चुकला, तर त्याची भरपाई करण्यास किती खर्च येतो, याच्याशी हा खर्च ताडून पाहिला पाहिजे. आटलेला झरा कोणत्याही अंदाजपत्रकातील तरतुदीने पुन्हा वाहू लागत नाही. शिवाय तज्ज्ञांचा वेळ फुकट घेतल्याने खर्च वाचत नाही; तो विद्यापीठांच्या, लहान संस्थांच्या आणि कित्येक कुटुंबांच्या खात्यावर नावे पडतो, आणि कधी कधी ज्याचा अर्ज छाननीस आलेला आहे, त्याच्याच खात्यातून भरला जातो. सरकारने तो उघडपणे सोसला, तर निदान त्याचा हिशेब विधिमंडळात मागता येतो.

वर्तमानपत्रात एखाद्या तज्ज्ञ समितीने अमुक प्रकल्पास मान्यता दिल्याची किंवा अमुक औषध नाकारल्याची बातमी आपण वाचतो. तेव्हा त्या समितीत कोण होते, त्यांनी कागदपत्रे वाचण्यास किती दिवस दिले, आणि त्या दिवसांत त्यांचे घर कोणाच्या पैशावर चालले, हे प्रश्न विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. पर्यावरणविषयक समित्यांची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात. ग्रंथालयांत येणाऱ्या जिज्ञासू वाचकांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी त्यांतील एखादे मिळवून वाचून पाहावे. एका बैठकीत किती प्रकरणे झाली आणि प्रत्येकावर किती चर्चा झाली, हे त्यावरून दिसेल. त्या यादीत आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या नदीचे नाव आढळले, तर हा विषय आपल्यापासून किती जवळ आहे, हेही ध्यानात येईल.